०.५० चकमकी रायफलीचा बार ठरवणे: पेनसिल्व्हेनियातल्या नोंदी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२४

बंदूक: इटलीत बनलेली, हॉकेन ढंगाची ठासणीची रायफल. कॅलिबर ०.५०, चकमकीचा घोडा, ३२ इंची अष्टकोनी नळी, आट्यांचा (नळीतल्या खाचांचा) पीळ ६० इंचांत एक फेरा, उघडी शिस्त (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा).

काम: २६ डिसेंबरला सुरू होणाऱ्या चकमकी हंगामाआधी या बंदुकीचा एक बार (दारू, चिंधी आणि गोळी यांचा मेळ) पक्का करणे. पेनसिल्व्हेनियात हरणांसाठी हा वेगळा हंगाम १९७४ पासून आहे. त्यात घोडा चकमकीचाच लागतो आणि कॅलिबर ०.४४ किंवा त्याहून मोठं. अपेक्षा माफक ठेवली आहे. टेकू घेऊन ५० यार्डांवर पाच गोळ्या अडीच इंचांत बसाव्यात, आणि थंड, स्वच्छ नळीतून सुटलेली पहिली गोळीही त्यांच्यातच पडावी. हरणावर उडते ती हीच पहिली गोळी, म्हणून दुसरी अट जास्त महत्त्वाची.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर असलेली ठासणीची बंदूक सहसा बिनआट्यांची असते. तिला खालचे आकडे लावू नका.

१४ सप्टेंबर. वजन-मापं

आज बार उडवायचा नाही, नुसती तयारी.

नळीत कारखान्याचं जाड ग्रीस होतं. ते अल्कोहोल ओतून, चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत काढलं. पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस काळ्या दारूबरोबर जळलं की डांबरासारखा थर बसतो आणि तो पाण्यानं निघत नाही. नव्या बंदुकीचे पहिले बार बिघडतात ते बहुतेक यामुळेच.

नंतर माप तपासलं. सरकत्या पितळी मापाची खूण ७० वर ठेवली आणि ३एफ (बारीक दाण्यांची) दारू सरळ ओतली, तर तराजूवर ६६-६७ ग्रेन भरतात. मापाला तीन टिचक्या मारून वर भरली की ७० च्या आसपास. २एफचे दाणे मोठे, त्यामुळे त्याच खुणेवर वजन आणखी वेगळं येतं. म्हणून वहीत दोन्ही लिहायचं: मापावरची खूण आणि भरायची पद्धत. टिचक्या मारायच्या असतील तर प्रत्येक वेळी मारायच्या. एका ग्रेनच्या फरकानं काळ्या दारूचं काही बिघडत नाही. पण आज टिचक्या आणि उद्या नाहीत, असं केलं की पाच ग्रेनची पायरीच हरवते.

हिशेबासाठी: एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे ७० ग्रेनचे शंभर बार. दारू पौंडाला तीस डॉलरच्या आसपास पडते. वर स्फोटक मालाच्या वाहतुकीचं शुल्क लागतं आणि ते एका डब्याला असो की दहाला, तेवढंच असतं. तिघाचौघांनी मिळून मागवली तर परवडते.

गोळी ०.४९० इंची, शुद्ध शिशाची. हिचं वजन १७७ ग्रेन यायला हवं. घरी ओतलेल्या एकेक गोळ्या तराजूवर टाकल्या. १७५ च्या खाली भरतात त्यांच्या पोटात हवेचा बुडबुडा असतो. त्या परत भांड्यात. चाकांच्या वजनांचं शिसं वापरायचं नाही. त्यात अँटिमनी असतं, गोळी कडक होते आणि तिच्याभोवती गुंडाळलेली चिंधी गोळीत रुतत नाही.

वरची मर्यादा कुठे मानायची? बंदुकीबरोबर आलेल्या पुस्तकात कमाल बार दिलेला असतो. तो ओलांडायचा नाही. त्याशिवाय इथल्या जुन्या नेमबाजांत डेव्हनपोर्टचा आडाखा चालतो: नळीच्या पोकळीच्या दर घन इंचाला ११.५ ग्रेन दारू, त्यापुढे दारूचा मोबदला घटत जातो. आपली पोकळी ६.२८ घन इंच, म्हणजे ७२ ग्रेन. हाच बार सर्वात अचूक असेल असं हा आडाखा सांगत नाही, पण कुठे शोधायचं ते कळतं.

२१ सप्टेंबर. पहिली शिडी, वाया

स्टेट गेम लँड्सवरची (राज्याच्या शिकारीच्या जमिनींवरची) रेंज, ५० यार्ड. दारू ३एफ, चिंधी दुकानातली तयार, ०.०१० इंची, वंगण लावलेली. शिडी म्हणजे बार ५० ग्रेनपासून पाच-पाचनं वर नेत बघणं.

गोळ्यांचा पसारा (ग्रुप) ५० ला पाच इंच, ५५ ला सहा, ६० ला चार, ६५ ला पुन्हा सहा. आकड्यांना आगा ना पीछा. वर चढणं तिथेच थांबवलं आणि बंदुकीपुढे पंधरा-वीस फुटांवर पडलेल्या चिंध्या गोळा केल्या.

ठासणीच्या रायफलीत उडून पडलेली चिंधी वाचता आली पाहिजे. चांगली चिंधी पुन्हा वापरता येईल अशी दिसते: मधे गोळीच्या बुडाचा काळा गोल, भोवती आट्यांचे फिकट पट्टे, कडा थोड्या फिसकारलेल्या. आज दोन तऱ्हा मिळाल्या. काही चिंध्यांना गोळीच्या कमरेवर सरळ, ब्लेडनं कापल्यासारखे काप होते. काही मधोमध जळून आरपार. काप म्हणजे नळीच्या तोंडाची कड किंवा आट्यांचे कंगोरे धारदार आहेत. जळालेलं भोक म्हणजे चिंधी पातळ आहे, तिच्या बाजूनं आगीचा झोत पुढे जातोय. या अवस्थेत बार बदलत बसणं म्हणजे निव्वळ दारू जाळणं.

२२ सप्टेंबर. तोंडाची कड

बारीक एमरी कागद (२२० नंबर, नंतर ४००) अंगठ्याच्या पेराखाली धरून नळीच्या तोंडावर दाबला आणि अर्धा-अर्धा फेरा फिरवला. दर काही फेऱ्यांनी नळी पाव वळणानं फिरवायची, म्हणजे घासणी सगळीकडून सारखी होते. आट्यांच्या कंगोऱ्यांची धार मोडून गोलसर उतार दिसला की थांबायचं. ड्रिलला दगड लावून हे करू नका. कड एका अंगानं जास्त गेली तर प्रत्येक गोळी त्या अंगाला ढकलली जाते आणि मग लेथशिवाय इलाज नाही.

आतल्या कंगोऱ्यांसाठी हिरव्या खरखरीत घासणीचा तुकडा जॅगवर (गजाच्या टोकाला लावायच्या बोंडावर) गुंडाळून, तेल लावून, पूर्ण लांबीभर मागेपुढे. यानं धातू जवळपास जात नाही, फक्त कटरनं सोडलेली लव निघते. वेळ नसेल तर शे-दोनशे बार उडवूनही हेच काम होतं. एक-दोन पौंड दारू जाईल एवढंच.

२८ सप्टेंबर. चिंधीची जाडी

आट्यांच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत व्यास ०.५००, तळापासून तळापर्यंत ०.५२०. गोळी ०.४९०. आता बेरीज करा. ०.०१० ची चिंधी दोन्ही अंगांनी धरून ०.५१०. आट्यांच्या तळापर्यंत ती पोचतच नाही; मागचा झोत तिथून मोकळा सुटतो. ०.०१५ ची ०.५२०, जेमतेम टेकते. ०.०१८ ची ०.५२६, म्हणजे दाबून बसते. दुकानातली ०.०१० ची चिंधी या नळीत चालणारच नव्हती.

कापडाच्या दुकानातून उशांच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं टिकिंग आणि खिशाचं ड्रिल, दोन्ही शंभर टक्के सुती, एकेक यार्ड आणलं. पाकिटावरच्या ‘शंभर टक्के’वर विसंबू नका. एक धागा पेटवून बघा. राख झाली तर सूत. मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे आणि ते नळीत वितळून चिकटेल. कापड गरम पाण्यात धुऊन खळ काढली आणि वाळवलं. जाडी कॅलिपर घट्ट दाबून मोजायची, कारण सैल धरलं तर टिकिंगसुद्धा ०.०२२ दाखवतं.

त्याच ६० ग्रेनला तीन जाड्या उडवल्या. ०.०१५: साडेतीन इंच, चिंध्या शाबूत पण मध्यभागी करपलेल्या. ०.०१८: अडीच इंचांच्या आत, चिंध्या स्वच्छ. ०.०२०: ग्रुप तेवढाच, पण गोळी आत घालायला छोट्या ठोकणीवर जोराची चापट मारावी लागते आणि तिसऱ्या बारानंतर गोळी ठासायचा गज अर्ध्यात अडतो. जंगलात, थंडीनं बोटं आखडलेली असताना ते चालणार नाही. ०.०१८ पक्की.

दारूच्या मापाला हात न लावता ६० ग्रेनचा ग्रुप चारवरून अडीच इंचांच्या आत आला. बाराची शिडी याच्या नंतर चढायची असते.

५ ऑक्टोबर. उशिरा सुटणारे बार

तिसऱ्या-चौथ्या बारापासून रंजक (घोड्याजवळच्या वाटीतली पेटवायची दारू) पेटतं, फुस्स होतं, आणि बार क्षणभरानं सुटतो, किंवा सुटतच नाही. अर्धा दिवस यात गेला.

आधी खबरदारी: बार सुटला नाही तर बंदूक निशाणाकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबायचं, जमलं तर दोन. लगेच तोंड वर करून बघायचं नाही, गज घालायचा नाही. मग कान (वाटीतली आग नळीत जायचं भोक) टोचून, ताजं रंजक घालून पुन्हा.

कारण पुसण्यात सापडलं. या बंदुकीचं बूड दुमजली आहे. नळीच्या मागे दारूसाठी वेगळी अरुंद खोली आणि कान तिच्यात उघडतो. प्रत्येक बारानंतर आपण ओली चिंधी जॅगवर लावून खालपर्यंत दाबतो. जॅग नळीला घट्ट बसणारा असला तर तो सगळी काजळी पुढे ढकलत त्या खोलीच्या तोंडाशी नेऊन ठासतो, वर चिंधीतलं पाणीही पिळून निघतं. खाली चिखल, त्यावर ताजी दारू.

उपाय दोन. जॅगचा व्यास ड्रिलमध्ये धरून कानशीनं थोडा कमी केला. आता चिंधी आत जाताना काजळीवरून घसरते आणि बाहेर येताना गोळा होऊन सगळं ओढून आणते. दुसरं, चिंधी ओली नको, दमट हवी: बोटांनी पिळल्यावर थेंब पडता कामा नये. एक दमट चिंधी, एक कोरडी, मग कानातून काडी फिरवायची. त्या अरुंद खोलीसाठी ०.३२ चा ब्रश वेगळा ठेवला आहे. दिवसाच्या शेवटी त्यावर चिंधी गुंडाळून ती खोली पुसायची. हे केल्यावर बार एकसारखे सुटू लागले.

दारू न घालताच गोळी ठासली जाणं हे रेंजवर गप्पा मारत भरताना हमखास होतं. त्यासाठी कानाला लावायचं कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं पिशवीत असावं. एका दाबात गोळी बाहेर येते. ते नसेल तर कानातून चिमूट-चिमूट ४एफ (रंजकाची, आणखी बारीक दारू) आत सारून, गोळी पुन्हा खालपर्यंत दाबून, निशाणाकडे उडवायची. ‘पुन्हा खालपर्यंत’ हे विसरायचं नाही. गोळी आणि दारू यांच्यात रिकामी जागा राहिली तर नळी तिथे फुगते, फाटूही शकते. म्हणून गजावर दोन खुणा कोरल्या आहेत: एक रिकाम्या नळीची, एक ठरलेला बार भरल्याची.

आणखी दोन गोष्टी, ज्यांत सवलत नाही. दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत दारू ओतायची नाही. आत निखारा असेल तर हातातलं सगळं शिंग उडेल. आधी मापात, शिंग बंद, मग नळीत. आणि धूररहित दारू या बंदुकीत कधीही, चमचाभरही नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

रेंज नाही. पूजेआधी हत्यार साफ करायचंच असतं, तर ते नीट केलं. काळ्या दारूची काजळी पाण्यात विरघळते, तिला महागडं द्रावण लागत नाही. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब. उकळतं पाणी नको. नळी इतक्या झटकन वाळते की तेल लावेपर्यंत आत तांबूस गंज चढलेला असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी चिंधी फिरवायची. तांबूस निघाली तर पुन्हा धुवायचं.

१९ ऑक्टोबर. खरी शिडी

हवा थंड, वारा जवळपास नाही. ०.४९० गोळी, ०.०१८ टिकिंग, वंगण बॅलिस्टॉल एक भाग आणि पाणी सात भाग. कापड भिजवून, सपाट पसरून पूर्ण वाळवलेलं. दारू ३एफ. प्रत्येक बारानंतर पुसणं. पुढचा दस्ता प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी पिशवीवर. नळी पिशवीवर टेकली तर गोळी वर जाते. एका बाराला भरण्या-पुसण्यासकट चारपाच मिनिटं लागतात, म्हणून शिडी दोन दिवसांत विभागली (बाकीची २० तारखेला, हवा तशीच).

वेग मोजणीचं यंत्र पंधरा फुटांवर ठेवलं. जवळ ठेवलं तर चिंधीचा आणि धुराचा वेग मोजला जातो.

५० ग्रेन: १४३० फूट प्रति सेकंद, ३.२ इंच
५५: २.९ इंच
६०: १५६० फूट, २.४ इंच
६५: २.१ इंच
७०: १६९० फूट, १.८ इंच
७५: २.० इंच
८०: १७९० फूट, २.३ इंच
८५: ३.३ इंच
९०: १८८० फूट, ४.१ इंच, चिंध्या पुन्हा करपायला सुरुवात

सर्वात छोटा आकडा ७० चा आहे म्हणून ७० घेतलेलं नाही. पाच गोळ्यांचा एक ग्रुप नशिबानंही इंच-अर्धा इंच इकडेतिकडे होतो, १.८ आणि २.१ मधला फरक खरा मानायचं कारण नाही. बघायचं ते हे की ६५ ते ७५ सलग चांगलं आहे आणि गोळ्या एकाच उंचीच्या आसपास पडताहेत. ७० त्या पट्ट्याच्या मधोमध येतं, त्यामुळे मापात दोन-तीन ग्रेन इकडेतिकडे झाले तरी फिकीर नाही. ७२ चा आडाखाही इथेच बसतो.

आता ‘हरणाला जोर हवा, ९० घाला’ या सल्ल्याबद्दल. गोल गोळी हवेत फार लवकर वेग गमावते, आणि जितकी वेगात सुटते तितकी जास्त गमावते. ७० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर साधारण १०४० फुटांवर येते, ९० ची साधारण ११०० वर. जोराच्या भाषेत ४२५ आणि ४७५ फूट-पौंड. वीस ग्रेन दारू, जास्तीचा धक्का आणि दुप्पट मोठा ग्रुप यांच्या बदल्यात पन्नास फूट-पौंड. हा सौदा करू नये. जोर वाढवायचाच असेल तर ०.५४ ची बंदूक घ्यावी, कारण गोल गोळीत वजन वाढवायला दुसरा मार्ग नाही.

३एफ की २एफ? त्याच १६९० फुटांसाठी २एफ ८० च्या आसपास लागली आणि काजळी जास्त. ०.५० ला दोन्ही चालतात. ३एफ कमी लागते आणि स्वच्छ जळते. दारूची छाप बदलली तर शिडी पुन्हा. स्विस दारू त्याच मापात वेग बराच जास्त देते, तिथे दहा टक्के खालून सुरू करा.

पिळाबद्दल थोडक्यात: ६० इंचांत एक फेरा असा सावकाश पीळ गोल गोळीसाठीच असतो. ४८ इंची पीळ दोन्हीकडचा. तिथे बहुतेक वेळा थोडा हलका बार बरा पडतो. २८ इंची पीळ लांब गोळ्यांचा. त्यात चिंधीतली गोल गोळी जोरात उडवली तर ती आटे पकडण्याऐवजी त्यांच्यावरून घसरते.

पर्यायी दारू (पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन) चकमकीत चालत नाही, तिला पेटायला जास्त उष्णता लागते. टोपीच्या बंदुकीत वापरणार असाल तर माप आकारमानाचं धरा, वजनाचं नाही. पायरोडेक्स काळ्या दारूहून बरीच हलकी असते. ७० ग्रेन वजन करून घातली तर बार भलताच मोठा होतो. ट्रिपल सेव्हन आकारमानातही पंधरा टक्के कमी घ्यायची.

९ नोव्हेंबर. जंगलातलं वंगण

रेंजवरचं वंगण आणि शिकारीचं वंगण एकच असेल असं नाही. रेंजवर बार भरला की मिनिटाभरात उडतो. जंगलात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत नळीत बसतो, तापमान शून्याखाली. पाण्याचं किंवा थुंकीचं वंगण गोठतं. पातळ तेल चिंधीतून झिरपून खालच्या दारूत उतरतं.

तपासणी: बार भरून, रंजक न घालता, रेंजवरच बंदूक चार तास उभी ठेवली, मग उडवली. ऑलिव्ह तेलाच्या चिंधीनं बार उशिरा सुटला आणि गोळी तीन इंच खाली. मिंक तेल थोडं घट्ट असतं, गोळी जागेवर. मिंक तेलाची चिंधी आणि दारू यांच्यात कोरडा लोकरी फेल्टचा वॉशर घातल्यावर फरकच उरला नाही. वॉशर एक पायरी वाढवतो, पण दारू कोरडी ठेवतो आणि चिंधी करपण्यापासून वाचवतो.

वंगण बदललं तर ग्रुप पुन्हा उडवून बघणं आलंच. मिंक तेलानं ग्रुप २.० इंच, मध्यबिंदू पाऊण इंच खाली सरकला.

१६ नोव्हेंबर. पहिली गोळी

आजपासून प्रत्येक फेरीला घरून निघताना नळी स्वच्छ आणि तेल लावलेली, रेंजवर अल्कोहोलच्या चिंधीनं तेल पुसून, एकच गोळी एका वेगळ्या कागदावर. तोच कागद पुढच्या फेरीला पुन्हा लावायचा. त्यानंतरच बाकीचे बार.

सुरुवातीला तेल नुसत्या कोरड्या चिंधीनं पुसलं तेव्हा पहिली गोळी सातत्यानं दोन-अडीच इंच वर पडत होती. अल्कोहोलनं पुसल्यावर ती ग्रुपमध्ये आली. काही नळ्यांना त्यानंही फरक पडत नाही. अशा बंदुकीची शिस्त पहिल्या गोळीवरच बांधावी, ग्रुपवर नाही.

२३ नोव्हेंबर. रंजक आणि चकमक

थोडक्यात, कारण यात भानगड कमी आहे. रंजक ४एफ, तीन ग्रेन पुरे. वाटी काठोकाठ भरली तर कान दारूनं बुजतो आणि आग वातीसारखी सरकत आत जाते. रंजक कानाच्या खालपर्यंतच हवं, म्हणजे झोत थेट आत उडी घेतो. कान ०.०६२ इंचाचा. तो ०.०७० करावा असा सल्ला मिळतो. या बंदुकीत तशी गरज पडली नाही आणि मोठं केलेलं भोक लहान करता येत नाही. करायचंच असेल तर कानाचं जादा लायनर (भोक असलेला, बदलता येणारा तुकडा) आणून त्यावर करा.

चकमक चामड्यात गुंडाळून, धार पोलादाला पूर्ण रुंदीत समांतर. ठिणग्या पिवळट-पांढऱ्या आणि वाटीतच पडायला हव्यात. लाल आणि तुरळक असल्या तर धार बोथट झाली. बाजूच्या बाकावर माणूस असेल तर बंदुकीच्या कानाशी पितळी आडोसा लावा. तिथून निघणारा झोत फूटभर सहज जातो. चष्मा सगळ्यांनी.

७ डिसेंबर. शिस्त

नेहमीच्या बंदुकांचा हंगाम ३० नोव्हेंबरला सुरू झाला, त्याआधी बाक मिळणं मुश्कील होतं. आज रिकामी रेंज.

बार ठरेपर्यंत माशीला (पुढच्या शिस्तीला) कानस लावली नव्हती. या बंदुकीची माशी मुद्दाम उंच येते, त्यामुळे गोळी खाली पडते. माशी घासली की गोळी वर जाते. शिस्तीच्या दोन टोकांत २४ इंच अंतर धरलं तर माशी शंभरांश इंच कमी केल्यानं ५० यार्डांवर पाऊण इंच फरक पडतो. कानशीचे चार हात, मग तीन गोळ्या, असं. आडवा फरक मागच्या शिस्तीचं दार लाकडी ठोकळ्यानं ठोकून: गोळी जिकडे न्यायची तिकडेच दार सरकवायचं.

७५ यार्डांवर मध्यभागी बांधली. मग ५० वर साधारण इंचभर वर आणि १०० वर तीनेक इंच खाली. हरणाच्या फुप्फुसावर धरून इतक्या अंतरात वेगळा विचार करावा लागत नाही.

वाऱ्याचा विचार मात्र करावा लागतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा या गोळीला ५० यार्डांवर दोन-अडीच इंच ढकलतो आणि १०० वर नऊ-दहा इंच. पाच गोळ्या दोन इंचांत घालणारी बंदूक १०० यार्डांवर वाऱ्यात हरणाच्या पोटात गोळी घालू शकते. म्हणून आमची हद्द ७५ यार्ड, वारा असेल तर ५०.

२१ डिसेंबर. गारठा आणि भुरभुर हिम

शेवटची तपासणी मुद्दाम खराब हवेत. ४एफ रंजक ओलसर हवेत अर्ध्या-पाऊण तासात काळं आणि गिळगिळीत होतं. तेवढ्या वेळानं वाटी पुसून ताजं घालायचं. घोड्यावर मेण चोळलेलं चामड्याचं झाकण, कानात पिसाची काडी, नळीच्या तोंडावर चिकटपट्टी (गोळी तिच्यातून बिनघोर जाते). तीन तासांनी बार पहिल्याच चापाला सुटला.

भरलेली बंदूक उबदार घरात आणायची नाही. थंड नळीत आत दव धरतं आणि दारू भिजते. रंजक काढून टाकून ती थंड, कुलूपबंद जागेत ठेवायची, किंवा संध्याकाळी बार मातीच्या बांधावर उडवून नळी धुवायची. दुसरं जास्त बरं.

हंगामासाठी ठरलेला बार: ३एफ ७० ग्रेन (मापाची खूण ७०, तीन टिचक्या), वर कोरडा फेल्ट वॉशर, ०.०१८ टिकिंग मिंक तेलात, ०.४९० गोळी १७६ ते १७७ ग्रेन, रंजक ४एफ तीन ग्रेन. गजावरची भरल्याची खूण वॉशरसकट पुन्हा कोरली आहे. जुनी खूण कानशीनं घासून काढली.

खर्च: दारू पावणेदोन पौंड, शिसं आणि कापड मिळून चाळीसेक डॉलर, चकमकीचे दोन खडे. त्यातली अर्धा पौंड दारू ०.०१० च्या चिंधीवर गेली. जानेवारीनंतर ०.४९५ ची गोळी आणि ०.०१५ ची चिंधी, हाच बार ठेवून, उडवून बघायची आहे.